रविवारचे अकरा: नाशिकमधल्या तळाच्या क्रिकेट क्लबला हात देऊ पाहणाऱ्यांसाठी

शनिवारची रात्र, साडेदहा. ग्रुपवर नऊ नावं आली आहेत. त्यातल्या एकाने ‘बघतो’ लिहिलंय, म्हणजे खरे आठच. सकाळी साडेआठला टॉस. मैदान शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पिचवर अंथरायची मॅट अजून खोलीत, आणि आमचा कॅप्टन अंबडला सेकंड शिफ्टला. चहाच्या दहा मिनिटांत तो कंपनीच्या गेटपाशी येऊन एकेकाला फोन लावतोय.

सहा सीझन मी हे जवळून बघतोय. त्यातले पहिले दोन सीझन मी ‘क्लबला मदत’ करत होतो, म्हणजे खरं तर कॅप्टनचं काम वाढवत होतो. नवी जर्सी काढू, लोगो करू, इन्स्टाग्रामवर पेज उघडू, अशा सूचना मी सोडायचो आणि शिफ्टवरून आल्यावर त्या तो निस्तरायचा. तुमचे ते दोन सीझन वाचावेत म्हणून हे लिहितोय.

नाशिकचं क्रिकेट म्हटलं की लोकांना गोल्फ क्लबवरचे रणजी सामने आठवतात, सत्यजित बच्छावची डावखुरी फिरकी आठवते, सिन्नरची माया सोनवणे आठवते. २०२३ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीगमुळे ईगल नाशिक टायटन्सचे टी-शर्टही दिसायला लागले. मी बोलतोय ते याच्या खूप खालच्या मजल्याबद्दल. शाळेच्या मैदानावर मॅट अंथरून खेळणारे, गटात शेवटून पहिले-दुसरे येणारे, तरीही दर ऑक्टोबरला प्रवेशिका भरणारे क्लब. तुम्ही पूर्वी खेळला असाल, निवृत्त झाला असाल, बदलीवर नाशिकला आला असाल किंवा तुमचं पोरगं अशा एखाद्या क्लबात जात असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

१. आधी तीन रविवार नुसतं जाऊन बसा

कुठे जायचं? थंडीच्या दिवसांत रविवारी सकाळी महात्मानगर, नाशिकरोड, देवळाली कॅम्प, सिडको, कुठेही मैदानाशेजारून गाडी हाणा. पांढऱ्या कपड्यात सीझन बॉलवर (कडक चामड्याच्या) खेळणारे आणि बाउंड्रीबाहेर तीनच माणसं असलेले दिसले की थांबा. (कार्यक्रमपत्रिकेवर ‘हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान’ छापलेलं असेल तर रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ सांगा. नवीन माणूस यात हमखास अडकतो.)

पहिल्या रविवारी ओळख काढा, दुसऱ्या रविवारी पाण्याचा जार उचलायला हात लावा, तिसऱ्या रविवारी काय हवंय ते विचारा. पहिल्याच दिवशी ‘मी तुमच्यासाठी काय करू शकतो’ असं विचारलंत तर उत्तर येईल ‘स्पॉन्सर बघा ना साहेब’. कारण नवीन माणसाकडे मागण्यासारखं त्यांना तेवढंच सुचतं. फलंदाजीबद्दल सल्ले तर तिन्ही रविवार देऊ नका. चौथ्यालाही नकोत.

२. दुखणं कुठे आहे ते बघा

सगळे क्लब हरतात म्हणून खंगत नाहीत. आमचा एक शेजारी क्लब वर्षानुवर्षं हरतोय आणि ठणठणीत आहे, कारण त्यांच्याकडे सोळा पोरं आहेत आणि मॅच संपली की सगळे मिळून मिसळ खायला जातात. खंगणाऱ्या क्लबात मला चार प्रकार दिसले:

- माणसं पुरत नाहीत. नोंदणी वीस जणांची, येतात आठ.
- सगळं एकाच माणसावर आहे. तो बदली होऊन गेला किंवा त्याचं लग्न झालं, की खेळ खलास.
- कागद अडकलेत. खातं चालत नाही, कार्यकारिणी जुनीच.
- जागा गेली. नेट लावायचे ते मैदान हातचं सुटलं.

पैसा मुद्दामच लिहिला नाही. पैसा सगळ्यांनाच कमी असतो. पण पैसा आल्यावर यातलं कुठलं दुखणं बरं होईल, हे स्वतःला विचारून बघा. पहिली दोन तर नाहीच होत.

३. एकच काम घ्या, आणि ते कंटाळवाणं घ्या

कोच, मॅनेजर, सल्लागार अशी पदं घ्यायला माणसं मिळतात. फोन करायला, वही लिहायला आणि मॅट उचलायला मिळत नाहीत. या तिन्हीपैकी एक काम घ्या आणि सगळ्यांसमोर सांगा, ‘ऑक्टोबर ते मे हे माझ्याकडे.’ मध्येच टांग देणार असाल तर घेऊच नका, कारण तुम्ही घेतलंय म्हटल्यावर कॅप्टन त्या कामाचा विचार सोडून देतो.

पुढचे तीन मुद्दे या तीन कामांचे.

४. फोनाफोनी

हे सगळ्यात मोलाचं काम. यासाठी क्रिकेट फारसं कळायला लागत नाही, माणसं कळायला लागतात.

ग्रुपवर ‘उद्या कोण कोण आहे?’ टाकून भागत नाही. अंगठे येतात, माणसं येत नाहीत. एका साध्या वहीत प्रत्येक खेळाडूचं नाव, तो कुठे राहतो, कामाला कुठे, कोणती शिफ्ट, गाडी आहे की नाही आणि घरी अडचण कधी असते, हे लिहून काढा. आमच्या वहीतलं एक पान असं होतं: ‘राहणार म्हसरूळ. सातपूरला कामाला, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. नाईट करून आला तर दुपारनंतर बॉलिंग देऊ नये. गाडी नाही, मखमलाबादवाला घेतो. आईचं डायलिसिस मंगळवार-शुक्रवार.’ या पानामुळे आम्हाला सीझनभर एक ऑफस्पिनर मिळाला. त्याला आधी सगळे ‘दांडीबाज’ म्हणायचे.

नाशिकमध्ये वेळापत्रक हातात आलं की ते शेतीच्या कॅलेंडरशी ताडून बघा. दिंडोरी, ओझर, पिंपळगावकडची पोरं ऑक्टोबरमध्ये द्राक्षाच्या गोडी छाटणीत अडकतात, म्हणजे नेमकी आपला सीझन सुरू होताना. मग जानेवारीपासून द्राक्षाचा माल निघायला लागतो. मधे अवकाळी पाऊस शिंपडला तर फवारणीला पळावं लागतं. तेव्हा ‘भाऊ, मळ्यात माणसं लागलीत’ असं कोणी म्हणालं तर ते कारण नसतं, खरंच लागलेली असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीची पोरं जातात. लग्नाच्या दाट तिथी कोणत्या ते घरातल्या मोठ्यांना विचारा. हे सगळं मांडलं की कोणत्या तीन-चार रविवारी तुम्ही उघडे पडणार ते सप्टेंबरातच दिसतं. त्या रविवारांसाठी पस्तिशी ओलांडलेले दोघं-तिघं जुने खेळाडू आधीच सांगून ठेवा. त्यांना फोन आलेला आवडतो. फक्त त्यांची नोंदणी मुदतीत करून ठेवा, नाहीतर ऐनवेळी मैदानात उतरवता येत नाहीत.

माझा क्रम: बुधवारी ग्रुपवर विचारणा, शुक्रवारी प्रत्येकाला फोन, शनिवारी संध्याकाळी सहाला तेरा नावं पक्की. रात्री साडेदहाचा फोन बंद झाला पाहिजे, एवढंच ध्येय धरा. तो बंद झाला त्या सीझनला आम्ही एकही वॉकओव्हर दिला नाही. सामने दोनच जिंकलो, ते सोडा.

आणि स्पर्धेच्या नियमपत्रकात सगळ्यात आधी हे शोधा: किती जण हजर असले की सामना सुरू करता येतो, आणि किती मिनिटांचा उशीर चालतो. ही दोन वाक्यं मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

५. स्कोअरबुक

आता बहुतेक जण मोबाईलवर क्रिकहिरोज अ‍ॅपमध्ये स्कोअर करतात. करा. पोरांना आपले आकडे बघायला आवडतात आणि त्या लोभाने ती येतातही. पण कागदी वही सोडू नका. आमचा एक सामना मोबाईल अकरा टक्क्यांवर असताना शेवटच्या पाच षटकांत शिरला होता. पुढचं सांगत नाही.

वही शिकायला दोन रविवार पुरतात. कुठल्याही क्लबात एखादे निवृत्त स्कोअरर काका असतात, त्यांच्या शेजारी बसा. रोज फसतात त्या जागा या:

- बाय आणि लेग बाय (बॅटला न लागता मिळालेल्या धावा) गोलंदाजाच्या नावावर लावायच्या नाहीत. वाइड आणि नो-बॉल लावायचे.
- डाव संपला की दोन्ही बाजूंनी बेरीज करा. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर, ही झाली एकूण धावसंख्या. गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय-लेग बाय (आणि पेनल्टी असेल तर ती), हीसुद्धा तेवढीच यायला हवी. तीनचा फरक आला तर बहुधा कुठेतरी बाय गोलंदाजाच्या खात्यात गेली आहे. समोरच्या स्कोअररबरोबर ती तिथेच, सह्या करण्याआधी शोधा.
- रनरेट काढताना २३.४ षटकं म्हणजे २३ पूर्णांक ४ दशांश नव्हे. तेवीस षटकं आणि चार चेंडू, म्हणजे १४२ चेंडू, म्हणजे २३.६७ षटकं.
- संघ सर्वबाद झाला तर नेट रनरेटला (आपल्या आणि समोरच्याच्या धावगतीतला फरक) त्याची पूर्ण षटकं धरतात. चाळीस षटकांच्या सामन्यात बावीसाव्या षटकात गुंडाळले गेलात तरी भागायचं चाळीसनेच. त्यामुळे सामना हातचा गेला असला तरी शेवटच्या जोडीला ‘घे मारून, जाऊ घरी’ म्हणू नका. तळाला दोन क्लब समान गुणांवर असले की हाच हिशेब पुढे येतो.

६. मॅट

काथ्याची मॅट ज्याने उचलली नाही त्याने क्लब क्रिकेटवर बोलू नये, असं माझं मत आहे. पूर्ण मॅट ६६ फूट लांब, म्हणजे बावीस यार्ड, आणि साधारण आठ फूट रुंद असते. गुंडाळली की लाकडाच्या ओंडक्यासारखी होते. चौघांनी उचलली तर कंबर जाते, सहा जण हवेत.

अंथरायचा क्रम असा. आधी झाडू, जाड खराट्याने. एक खडा राहिला तरी बॉल तिथून उसळतो. मग एका टोकाला खिळे ठोकून मॅट पक्की करायची, दुसऱ्या टोकाला तिघांनी ओढून धरायची, आणि मग कडांना साधारण फूट-फूट अंतरावर खिळे. ताण कमी पडला की मध्ये वळी पडते. बॉल खाली राहिला, की फलंदाज तुमच्याकडे बघतो. खिळे मोजून ठोका आणि मोजून काढा. राहिलेला खिळा आठवड्यानंतर शाळेच्या पोराच्या पायात जातो, आणि मग ते मैदान परत मिळत नाही.

स्टंपपासून पुढची क्रीज चार फुटांवर. ती स्टंपच्या रेषेला समांतर आली का ते नजरेने ठरवू नका. गवंडी काटकोन काढतात तसं दोरीला तीन-चार-पाचच्या गाठी मारून बघा. बाउंड्रीला फक्की मारताना कळीचा चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर खरोखरची इजा होते. मॅटवर स्पाइक्स घालू द्यायचे नाहीत, रबरी तळव्याचेच बूट. यावरून भांडणं होतात, होऊ द्या.

लागणारी हत्यारं: दोन हातोडे, खिळ्यांचा डबा, पक्कड, पन्नास मीटरचा टेप, सुतळी, खराटा, फक्की, दोन जास्तीच्या बेल्स.

गोदेच्या बाजूच्या मैदानांवर डिसेंबर-जानेवारीत सकाळी दव इतकं असतं की मॅट आदल्या रात्री अंथरून ठेवली तर पहिली दहा षटकं ओल्या बॉलने खेळावी लागतात. सकाळी लवकर या आणि तेव्हाच अंथरा.

एक प्रसंग सांगतो. दुसऱ्या सीझनला आमचे चक्क बारा जण हजर होते. मॅट मात्र कुलपात होती आणि चावी ज्याच्याकडे होती तो लग्नाला पुण्याला. आम्ही कुलूप फोडलं तोवर वेळ संपली होती. बारा जण पांढऱ्या कपड्यात उभे आणि समोरच्याला वॉकओव्हर.

७. सामान देताना

जुनं किट देणारे पुष्कळ भेटतील. एका गृहस्थांनी आम्हाला भली मोठी बॅग दिली. घरी उघडली तर तीन ग्लोव्हज, तिन्ही डाव्या हाताचे, आणि एक टेनिस बॉलची बॅट. माळा आवरायचा म्हणून दिलेली वस्तू क्लबच्या कामाची क्वचित असते.

द्यायचंच असेल तर बॉल द्या. चाळीस षटकांच्या सामन्यात प्रत्येक डावाला नवा धरला तर सामन्याला दोन. आठ सामने म्हणजे सोळा. काही ठिकाणी दोन्ही संघ एकेक आणतात, मग आठ. सरावाला वेगळे. चामड्याच्या चार तुकड्यांचा बॉल घ्या, दोन तुकड्यांचा नेटला ठीक आहे. मॅटवर बॉल लवकर घासतो हे धरून चाला.

त्यानंतर हेल्मेट. आतल्या लेबलवर ‘बीएस ७९२८:२०१३’ हे मानक छापलेलं आहे का ते पाहून घ्या. स्वस्तातलं नुसतं डोक्यावर टोपलं असतं. एकदा जोरात बॉल लागलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही, दिसायला धड असलं तरी. अ‍ॅब्डोमेन गार्ड ज्याचा त्याचा. हे सांगावं लागतं, म्हणून लिहिलं.

बर्फाचा डबा आणि क्रेप बँडेज कोणी देत नाही, आणि दर रविवारी लागतं तेच.

८. पैसा

छोट्या क्लबात पैसा जातो कुठे? प्रवेश फी, बॉल, मैदानाचं भाडं, अंपायरचं मानधन, मॅट नेण्या-आणण्याचा टेम्पो, पाणी, नाश्ता. यातला निम्मा खर्च कुठेच लिहिलेला नसतो, कारण कॅप्टनने तो खिशातून केलेला असतो. ही पदरमोड फार वाईट. दिसत नाही म्हणून तिचे आभार कोणी मानत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी तो माणूस कावतो, एका फालतू भांडणावरून क्लब सोडतो. मग नव्या माणसाला कळतं की क्लब चालवायला मुळात किती लागतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा पहिलं काम: मागच्या सीझनचा खरा खर्च कॅप्टनशेजारी बसून लिहून काढा, टेम्पोवाल्याच्या चहासकट. परत घ्यायचे नसतील ते पैसे ‘देणगी’ म्हणून त्याच्या नावावर दाखवा. मग वर्गणी ठरवा. विद्यार्थ्याला कमी, नोकरीवाल्याला जास्त, आणि महिन्याला, वर्षाला एकदम नको. पावतीपुस्तक छापून घ्या. कॅप्टनच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे घेणं सोयीचं वाटतं, पण भांडण पेटतं ते तिथूनच. क्लबच्या नावाचं खातं हवं.

बाहेरून पैसे आणायचे म्हटलं की कोणीतरी म्हणतं, ‘एवढी एमआयडीसी आहे, सीएसआर आणू.’ मीही म्हणालो होतो. सीएसआरची, म्हणजे नफ्यातला काही भाग समाजकामाला देण्याची, सक्ती मोठ्या कंपन्यांनाच असते: निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी काहीतरी असलेल्यांना. आपल्या ओळखीचा वर्कशॉपवाला त्यात बसत नाही. शिवाय पैसे घेणाऱ्या संस्थेची रीतसर नोंदणी, सीएसआर-१ क्रमांक (सरकारदरबारी नोंदल्याचा) आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. कायद्याच्या यादीत खेळाचं ‘प्रशिक्षण’ बसतं, पण मोठ्या माणसांचा रविवारचा सामना प्रशिक्षण म्हणून खपवता येत नाही. मुलांचा सराव वर्ग खरोखर चालवत असाल तर तीन वर्षांनी विचार करा. तोवर वर्कशॉपवाल्याकडे वस्तू मागा. पाण्याचे जार, बारा टी-शर्ट, टेम्पोची एक फेरी. वस्तू मागितली की माणूस ‘हो’ म्हणतो. रक्कम मागितली की ‘बघू दिवाळीनंतर’.

देणगीदाराला ‘ऐंशी-जी’चं, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचं, आमिष संस्थेकडे तशी मान्यता असल्याशिवाय दाखवू नका. असली तरी दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती वजावट मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्याला तिचा उपयोगच नाही.

एक सापळा: थोडे पैसे आले की दोन तगडे खेळाडू बाहेरून पैसे देऊन आणायचा मोह होतो. आम्ही आणले. तीन सामने जिंकलो. त्या तीन रविवारी बाहेर बसलेली आमची दोन पोरं पुढच्या सीझनला टेनिस बॉलच्या क्रिकेटकडे गेली, आणलेले दोघं दुसरीकडे जास्त मिळाल्यावर तिकडे गेले. नवव्या नावाची शोधाशोध पुन्हा सुरू.

९. कागद

इथे घाई करू नका, पण टाळूही नका.

महाराष्ट्रात असा क्लब सहसा संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० खाली, असा दोन्हीकडे नोंदवतात. काम धर्मादाय कार्यालयात चालतं. किमान सात सभासद लागतात. नवीन नोंदणीची फाईल अशी असते:

- संस्थेचं विधानपत्र आणि नियमावली (‘घटना’ म्हणतात ती हीच)
- पहिल्या कार्यकारिणीची यादी: पूर्ण नाव, पत्ता, वय, व्यवसाय, सही
- संस्था स्थापनेचा ठराव आणि प्रत्येक सभासदाचं संमतीपत्र
- सगळ्यांचं ओळखपत्र आणि रहिवासाचा पुरावा
- कार्यालयाच्या जागेचं वीजबिल किंवा घरपट्टीची पावती, आणि जागामालकाचं ना हरकत पत्र
- प्रतिज्ञापत्र, आणि कोणाला तरी फिरायचं अधिकारपत्र

पण तुम्ही बहुधा नोंदणी असलेल्या जुन्या क्लबात जाल. तिथे पहिला प्रश्न विचारा: ‘शेवटचा बदल अर्ज कधी दाखल झाला?’ कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत तो दाखल करायचा असतो. सगळे त्याला ‘चेंज रिपोर्ट’च म्हणतात. छोट्या क्लबात निवडणूक चहाच्या टपरीवर होते, टाळ्या वाजतात आणि अर्ज राहून जातो.

आमचं तेच झालं होतं. क्लबच्या खात्यात थोडे पैसे होते, पण सह्या ज्या तिघांच्या, त्यातले एक वारलेले, एक परदेशी, तिसऱ्यांना आपण खजिनदार आहोत हेच आठवत नव्हतं. बँक म्हणाली, शेड्यूल वनचा (धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतला) ताजा उतारा आणा, त्यावर नवी नावं हवीत. उतारा काढला तर त्यावर चौदा वर्षांपूर्वीची कार्यकारिणी. मधल्या प्रत्येक कार्यकारिणीचा बदल अर्ज क्रमाने, उशीर माफीच्या अर्जासह द्यावा लागला. त्यासाठी जुनी इतिवृत्तं हवीत. ती एका माजी सचिवांच्या माळ्यावर, दिवाळीच्या फराळाच्या डब्यांमागे, ट्रंकेत सापडली, निम्मी वाळवीने खाल्लेली. या सगळ्याला दीड वर्ष गेलं. वकिलाची फी खात्यात होते त्यापेक्षा जास्त झाली.

म्हणून या चार वस्तू एका फाईलमध्ये, आणि तिची स्कॅन प्रत दोघांच्या मोबाईलमध्ये: ‘एफ’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेलं प्रमाणपत्र, उतारा, संस्थेचं पॅन, ताजं इतिवृत्त. ३१ मार्चला हिशेब बंद झाला की सप्टेंबरअखेरच्या आत ऑडिट करून दाखल करायचं. सीए एखाद्या खेळाडूचा बाप असेल तर उत्तम, पण त्यालाही कागद जूनमध्येच द्या.

१०. मैदान

शाळा-कॉलेजचं असो की महापालिकेचं, परवानगी लेखी घ्या आणि पावती जपा. ‘मुख्याध्यापक आपलेच आहेत’ हे वाक्य मुख्याध्यापक बदलेपर्यंतच खरं असतं. अर्जात वार, वेळ, किती जण, सीझन बॉल की टेनिस आणि साफसफाई कोण करणार, हे लिहा. सिंहस्थाच्या दिवसांत शहरातल्या मोकळ्या जागांना भलतीच मागणी असते, तेव्हा २०२६-२७ चं बोलणं आत्ताच करून ठेवा. मैदानाशेजारच्या सोसायटीच्या चेअरमनला सीझनच्या सुरुवातीला भेटून या. काच फुटणारच आहे, ती फुटण्याआधी ओळख झालेली बरी.

११. पोरं आणि पोरी

लहान मुलांचा सराव सुरू केला की क्लबाला पालक मिळतात, आणि पालकांत तुम्हाला पुढचे फोनवाले, वहीवाले सापडतात. आमचा सध्याचा खजिनदार एका लेगस्पिनरची आई आहे. तिने पहिल्याच महिन्यात आमच्या दोन वर्षांच्या चुका काढल्या.

बॉलचं वजन बघून घ्या. पुरुषांचा १५६ ते १६३ ग्रॅम, महिलांचा १४० ते १५१, तेरा वर्षांखालच्या मुलांचा १३३ ते १४४. मुलींच्या हातात पुरुषांचा बॉल देऊन ‘वळत नाही’ म्हणणारे कोच मी पाहिलेत.

वयाच्या दाखल्यात कोणाच्याही आग्रहाला बळी पडू नका. बीसीसीआयच्या १६ वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांसाठी मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात. दाखला ‘जुळवून’ आणलेला पोरगा तिथे अडकतो, आणि त्याला प्रामाणिक दाखल्यावर खेळता आलं असतं तेही हुकतं. पालकांना हे पहिल्या बैठकीतच सांगा. मुलांकडून घ्यायचे कागद: जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड, दोन फोटो, पालकांचं संमतीपत्र आणि त्यावर रक्तगट व औषधाची अ‍ॅलर्जी.

१२. मे अखेरची आवराआवर

शेवटचा सामना झाला की सगळे गायब होतात. तुम्ही होऊ नका. पहिल्या पावसाआधी मॅट दोन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. ओली गुंडाळली तर ऑक्टोबरात उघडताना हातात काथ्याचा भुसा येतो. गुंडाळीत डांबराच्या गोळ्या टाका, खाली विटा आणि फळी ठेवून जमिनीपासून वर ठेवा. उंदरांना पॅडमधला कापूस आवडतो, म्हणून किटबॅगा खुंटीला टांगा. खिळे मोजा, रॉकेल नाहीतर तेलाचा हात फिरवून डब्यात बंद करा. उरलेले बॉल, खर्चाची वही, पावतीपुस्तकाचा शेवटचा क्रमांक, सगळं एका कागदावर लिहून कॅप्टनची सही घ्या.

मग कुलूप लावा. चावीची आणखी एक प्रत करून घ्या, आणि दोन्ही चाव्या कोणाकोणाकडे आहेत ते फोनच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.